देव्हाऱ्यातला नारळ

आमच्या घरात शहाणी माणसं फार होती, म्हणून माझ्या थोरल्या बहिणीचं एक वर्ष वाया गेलं. चार साध्या डोक्याच्या माणसांच्या घरात ती जन्माला आली असती तर तिचा प्रश्न आठवडाभरात सुटला असता. पण आमच्याकडे वडील होते, तिच्याकडे सासरे होते, आणि या दोघांवर कडी म्हणजे मुंबईहून दर रविवारी येणारा माझा भाऊ होता.

स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली होती. आम्ही अर्नाळ्याचे कोळी. वडिलांची स्वतःची होडी, आणि गावात त्यांच्या शब्दाला मान. ताईला वसईच्या पाचूबंदरला दिली होती. तिच्या सासऱ्यांचीही होडी होती आणि तिकडे त्यांच्या शब्दाला मान. आपल्या शब्दाला मान आहे असं वाटणारी दोन माणसं एकमेकांची व्याही झाली की काय होतं, ते आम्ही पाहिलं. मी तेव्हा आगाशीच्या शाळेत लहान मुलांना बाराखडी गिरवायला लावत होते. माझं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे घरातल्या प्रत्येकाचं रडगाणं ऐकायला मी मोकळी आहे असा सगळ्यांचा समज होता.

आमच्याकडे नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन झाला की किनाऱ्यावर नारळ लढवतात. एकाने आपला नारळ तळहातात घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने आपला नारळ त्यावर हाणायचा. ज्याचा फुटेल तो हरला. वर्षभर घरोघरी नारळ फोडायचं काम बायकांचं असतं, रोज, कालवणाच्या आधी, कोणाचं लक्षही नसतं. त्या एका दिवशी तेच काम पुरुष करतात आणि त्याला पराक्रम म्हणतात. महिनाभर आधीपासून नारळ निवडणं चालतं. कानाशी धरून टिचक्या मारतात, शेंडी उपटून सोलतात, वाळूने घासतात, आणि निवडलेला नारळ उशाशी घेऊन झोपतात.

जो नारळ सगळ्यांना फोडून शेवटपर्यंत शाबूत राहील त्याला हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात बसवायचं, आणि पुढच्या पौर्णिमेला तोच दर्याला द्यायचा, अशी आमच्यात रीत होती. मधल्या वर्षात त्या नारळाला कोयता लावला तर होडीवर संकट येतं, असं सगळे धरून चालत. कोणी लावून पाहिला होता का, असं मी एकदा विचारलं होतं, तर आईने माझ्या तोंडावर हात ठेवला.

त्या वर्षी ताईचे सासरे पौर्णिमेसाठी आमच्याकडे पाहुणे म्हणून आले होते. बरोबर जावई, ताई आणि ताईची चालायला लागलेली मुलगी. सासऱ्यांनी आपला नारळ पाचूबंदरहून फडक्यात बांधून आणला होता. त्या नारळाने आमच्या किनाऱ्यावरचे सगळे नारळ एकामागून एक फोडले, आणि शेवटी माझ्या वडिलांचा फोडला. वडिलांच्या हातातून पाणी गळत होतं आणि आजूबाजूची माणसं हसत होती. चांगला माणूस अशा वेळी हसतो आणि व्याह्याला घरी जेवायला नेतो. माझे वडील म्हणाले, "ह्यो नारल भरलेला हाय."

भरलेला म्हणजे खोटा. नारळाच्या डोळ्याला भोक पाडून पाणी काढून टाकायचं, आत लाख वितळवून ओतायची आणि भोक बुजवायचं, ही लबाडी आमच्याकडे सगळ्यांना माहीत होती. म्हणून तर ती शिवी होती. भर किनाऱ्यावर, दोन्ही गावच्या माणसांसमोर, घरी आलेल्या व्याह्याला माझ्या वडिलांनी चोर म्हटलं.

सासऱ्यांनी त्याच जागी नारळ दगडावर आपटून दाखवला असता तर सगळं तिथंच संपलं असतं. खरं काय ते त्यांच्या स्वतःच्या हातात होतं. पण तो आता जिंकलेला नारळ होता, त्याला कसा फोडणार, आणि मुळात माझ्यासारख्या माणसाला पुरावा का द्यावा लागावा, असा त्यांचा ताठा. त्यांनी नारळ पुन्हा फडक्यात बांधला आणि न जेवता निघून गेले. त्याच आठवड्यात जावई ताईला आमच्या दारात सोडून गेला. निरोप असा होता की तुझ्या बापाने पाचूबंदरला येऊन चार माणसांसमोर शब्द मागे घेतला की तू परत ये. मुलगी मात्र त्यांनी ठेवून घेतली. नात आमची, ती कशाला जाईल, असं म्हणाले.

ताईचं नशीब त्या दिवसापासून एका नारळाला बांधलं गेलं. ती त्या नारळाच्या जवळपासही नव्हती. ती माझ्या आईबरोबर चुलीपाशी बसून नारळीभात करत होती.

वडील शब्द मागे घेणार नाहीत हे पहिल्याच दिवशी ठरलं. मुलीसाठी जीव देईन म्हणायचे. जीव कोणी मागितला नव्हता, एक वाक्य मागितलं होतं. जीव द्यायला तयार असलेल्या माणसाला एक वाक्य का देता येत नाही, हे मला अजून कळलेलं नाही. आणि जावयाचं काय सांगू? तो ताईला वसईच्या बाजारात अधूनमधून भेटायचा, मासळीच्या पाट्यांआड उभा राहून मुलीला दात आले, मुलगी पडली, मुलीने भात खाल्ला असं सांगायचा, आणि बापाच्या ओळखीचा कोणी दिसला की शेपूट घालून निघायचा. ताई त्या बातम्यांवर पुढचे कितीतरी दिवस काढायची.

अशा वेळी माझ्या भावाने या प्रकरणात शास्त्र आणलं.

दादा मुंबईत एका संस्थेत नोकरीला होता. तिथे म्हणे खोलीभर मोठं एक गणकयंत्र बांधलं होतं. माणसाला जन्म लागेल असे हिशेब ते यंत्र जेवणाच्या सुट्टीत करतं, असं दादा सांगायचा. यंत्राला घाम येऊ नये म्हणून खोली गार ठेवतात, आत जाताना वहाणा काढतात, आणि त्याला प्रश्न विचारायचा तर कागदाच्या पट्टीला भोकं पाडून विचारावा लागतो. वहाणा काढतात हे ऐकल्यावर माझ्या आईने हात जोडले. तिच्या मनात त्या यंत्राची जागा कायमची ठरून गेली.

पहिल्या रविवारी ताई त्याच्यासमोर रडली तेव्हा दादाचे डोळेही भरून आले होते, हे मला मान्य केलं पाहिजे. पण डोळे पुसता पुसता त्याच्या चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी आलं. तो म्हणाला की एकच खरा नारळ इतके नारळ फोडू शकतो का, हा तर गणिताचा प्रश्न आहे. दोन घट्ट वस्तूंची टक्कर. त्याचा नमुना मांडता येईल, आकडे यंत्रात घालता येतील, आणि यंत्र ना बाबांच्या बाजूचं ना सासऱ्यांच्या. ताईने पदराने नाक पुसलं आणि किती दिवस लागतील असं विचारलं. दादा म्हणाला, लवकरच.

आधी त्याने सोपा नमुना केला. दोन गोल वस्तू समोरासमोर आदळतात आणि एकमेकांना सरळ ढकलतात. जेवढा मार याला तेवढाच मार त्याला, त्यामुळे ज्याची करवंटी पातळ तो फुटणार. दोन्ही सारखे असले तर कोण फुटेल हे नशीब. आणि एकच नारळ दरवेळी नशिबाने वाचतो असं होत नाही. यंत्राने पट्टीवर भोकं पाडून सांगितलं की असा नारळ जवळजवळ अशक्य आहे.

वडिलांनी ते "जवळजवळ" ऐकलंच नाही. ते तडक किनाऱ्यावर गेले आणि जाळी विणत बसलेल्या प्रत्येकाला सांगत सुटले की मुंबईच्या यंत्राने निकाल दिला, नारळ भरलेलाच. ज्या माणसाला घड्याळ कळत नव्हतं तो यंत्राची ग्वाही देत फिरत होता. ही बातमी पाचूबंदरला पोहोचायला भरती-ओहोटीचाही वेळ लागला नाही. सासऱ्यांनी उलट निरोप धाडला की आता नुसता शब्द मागे घेऊन भागणार नाही, बापाने आणि यंत्रवाल्या भावाने दोघांनी येऊन हात जोडायचे. ताई त्या दिवशी जेवली नाही. दादाला तिचं उपाशी राहणं दिसलं की नाही, मला ठाऊक नाही. तो पाटावर खडूने वर्तुळं काढत होता.

कारण दादाला दरम्यान शंका आली होती. दादा प्रामाणिक होता, त्याबद्दल मी त्याला कधी नावं ठेवली नाहीत. फक्त त्याचा प्रामाणिकपणा आकड्यांपुरता होता. त्याच्या लक्षात आलं की माणूस नारळ कधी सरळ हाणत नाही, तिरका हाणतो. तिरके आदळले की नारळ एकमेकांना नुसते ढकलत नाहीत, घासतातही. घासताना कधी सरकतात, कधी क्षणभर एकमेकांना चिकटून धरतात आणि मग वळतात. ते किती घासतात यावर मार कुठे जाईल ते ठरतं. नारळाच्या अंगावर तीन शिरा असतात, त्यांच्या मधल्या भागात तो कच्चा. हाणणाऱ्याच्या मनगटात कसब असेल तर तो आपली शीर दुसऱ्याच्या कच्च्या जागी नेऊन बसवू शकतो. मग नशिबाचा प्रश्न उरत नाही. त्याने पहिल्या नमुन्यात घर्षण धरलंच नव्हतं, कारण घर्षण धरलं की हिशेब फार किचकट होतो. म्हणजे आमच्या घरावर जो निकाल आला होता तो दादाचा हिशेब सोपा व्हावा म्हणून आलेला होता.

हे त्याने मला मोठ्या उत्साहाने सांगितलं. मी म्हटलं, बाबांना सांग. तो म्हणाला, आधी घर्षण मोजायला हवं.

मग आमच्या घरात घर्षण मोजणं सुरू झालं. दादाने आईचा जेवायचा पाट घेतला, त्यावर करवंटीचे तुकडे सरसाने चिकटवले, वर दुसरी करवंटी ठेवली आणि पाट एका बाजूने हळूहळू उचलत राहिला. करवंटी घसरायला लागली की तो थांबायचा आणि पाट किती तिरपा झाला ते मोजायचा. कोरडी करवंटी, खाऱ्या पाण्याने भिजलेली करवंटी, वाळूने घासलेली, तेलाचा हात लागलेली. पावसाळा गेला, दिवाळी गेली, दादा दर रविवारी पाट उचलत होता. आई जमिनीवर बसून जेवायला लागली. ताई त्याला करवंट्या घासून द्यायची. तिला वाटायचं, आपण हातभार लावला तर लवकर होईल.

शिमग्याच्या सुमारास ताई एकदा कोणाला न सांगता नंदाखालवरून जाणाऱ्या एस.टी.ने वसईला गेली आणि तिथून चालत पाचूबंदरला. सासऱ्यांनी तिला ओटीवरच अडवलं. बापाला घेऊन ये, एवढंच म्हणाले. आतून मुलीचा आवाज येत होता, ती कशासाठी तरी हट्ट करत होती. ताईने तो हट्ट संपेपर्यंत ऐकला आणि परत आली. हे तिने मला कितीतरी दिवसांनी सांगितलं. माझ्या मनात त्या माणसाविषयी जे काही चांगलं उरलं होतं ते त्या दिवशी संपलं.

घर्षण धरून केलेल्या हिशेबाचं उत्तर उन्हाळ्यात आलं. एकच खरा नारळ बाकीचे सगळे फोडू शकतो, असं यंत्र म्हणालं. दादाने ते वडिलांना सांगितलं तेव्हा मी भाकरी थापत होते. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं, विडी पेटवली, आणि विचारलं की आधी उलटं का आलं होतं. दादाने समजावलं की आधी घर्षण धरलं नव्हतं. वडिलांनी थोडा विचार केला.

"मंग ते घर्सन काढून टाक," ते म्हणाले.

दादा म्हणाला, काढता येत नाही, ते असतंच. वडील म्हणाले, आधी तर काढलं होतंस. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. वडिलांचं म्हणणं, त्यांना न कळता, अगदी बरोबर होतं. मग दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले. दादा आला की वडील होडीवर जाऊन बसत. आता घरात ताईच्या प्रश्नावर बोलणारं कोणी उरलं नाही, आणि ताई ज्याच्यासाठी थांबली होती ते उत्तर येऊनही ती तिथेच होती.

पुढची नारळी पौर्णिमा जवळ आली. त्या दिवशी देव्हाऱ्यातला तो नारळ दर्याला जाणार होता. एकदा गेला की तो खरा होता की खोटा, हे कोणालाच कधी कळणार नव्हतं. मग दोघे म्हातारे मरेपर्यंत आपापलं म्हणणं कुरवाळत बसले असते आणि ताई आमच्या घरी म्हातारी झाली असती. हे मला दिसत होतं, ताईला दिसत होतं. वडिलांना दिसत होतं की नाही कोण जाणे. मला तर वाटतं, दोन्ही म्हातारे त्या दिवसाची वाटच बघत होते. नारळ बुडाला की दोघांचीही अब्रू कायमची कोरडी राहणार होती.

पौर्णिमेच्या आदल्या रविवारी दादा आला आणि पाटाशेजारी बसला. त्याचा चेहरा उतरला होता. त्याने सांगितलं की तो पुन्हा पुन्हा हिशेब करतोय, आणि आता त्याला असं दिसतंय की उत्तर त्या एका नारळाच्या करवंटीच्या जाडीवर अवलंबून आहे. जाडी थोडी जास्त असली तर तो खराच असू शकतो, थोडी कमी असली तर भरलेलाच असणार. आणि जाडी माहीत नाही. वर्षभर यंत्र तापवून, आईचा पाट नासवून, बापाशी वैर धरून माझ्या भावाने काढलेलं उत्तर असं होतं की असेलही, नसेलही. एवढं तर आमच्या गावच्या कुठल्याही पोराने पहिल्या दिवशी सांगितलं असतं.

"मग जाडी कशी कळेल?" मी विचारलं.

"फोडून," दादा म्हणाला. "पण फोडला की आत काय आहे ते दिसेलच. मग हिशेबाची गरजच राहणार नाही."

तो हे दुःखाने म्हणाला. माझा भाऊ, माझ्या बहिणीसमोर, हिशेबाची गरज राहणार नाही हे दुःखाने म्हणाला. आई म्हणाली, असलं अभद्र बोलू नको, देवाचा नारळ आहे. दादाने मान हलवली आणि म्हणाला की तेही खरंच आहे. आणि दोघं त्या मुद्द्यावर एक झाली. पलीकडे ताई बोंबील निवडत होती. तिने हात थांबवला नाही, पण मी तिच्याकडे बघत होते, आणि वर्षभर त्या चेहऱ्यावर जी वाट बघणं होतं ते मला त्या क्षणी दिसेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझा हात धरला आणि म्हणाली, चल. मी शाळेत निरोपही पाठवला नाही.

आम्ही पाचूबंदरला पोहोचलो तेव्हा पुरुषमंडळी किनाऱ्यावर होडीला नवा रंग देत होती. घरात सासूबाई होत्या आणि त्यांच्या कडेवर ताईची मुलगी. सासूबाई दारातच दचकल्या. त्यांनी काही म्हणायच्या आत ताई सरळ आत गेली. देव्हाऱ्यात देवांच्या मध्ये तो नारळ बसला होता, हळदकुंकवाचे थर चढून ओळखू येईनासा झालेला. ताईने त्याला नमस्कार केला. मग त्याला उचलून ओटीवर आणला, कोपऱ्यातला कोयता घेतला, आणि रोज कालवणाच्या आधी फोडतात तसा फोडला.

सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि होडी, होडी एवढंच पुटपुटत राहिल्या. कोणीतरी धावत किनाऱ्यावर गेलं असावं, कारण ताईचे सासरे हाताला रंग लागलेले तसेच आले. त्यांच्यामागे जावई, त्याच्यामागे आणखी काही माणसं. ओटीवर दोन करवंट्या पडल्या होत्या. एकीत सुकून सुटलेलं खोबरं होतं, चांगलं पांढरं, गोल. लाख नव्हती, मेण नव्हतं. नारळ खरा होता. माझे वडील वर्षभर खोटं बोलत होते.

सासऱ्यांनी आधी खोबऱ्याकडे पाहिलं, मग जमलेल्या माणसांकडे. देवाचा नारळ सुनेने फोडला याचा राग त्यांना यायला हवा होता. तो आला नाही. त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी करवंटी उचलून सगळ्यांना दाखवली, बघा, बघा म्हणाले, आणि एकाला सांगितलं की हे अर्नाळ्याला जाऊन सांग. होडीचं संकट, देवाची रीत, सगळं ते एका क्षणात विसरले. मग मोठ्या मनाने सुनेकडे वळून म्हणाले की झालं गेलं, ऱ्हा आता.

ताई अजून कोयता हातात धरून बसली होती.

"तुमचं खरं झालं, मामा," ती म्हणाली. "आता माझं वरीस मना परत द्या."

जावई हातातल्या रंगाच्या डब्याकडे बघत होता. सासऱ्यांनी करवंटी खाली ठेवली, घसा साफ केला आणि रंग सुकतोय असं काहीतरी म्हणून किनाऱ्याकडे चालू लागले. ताईने कोयता जागेवर ठेवला, खोबरं उचललं आणि आत जाऊन पाट्यावर वाटायला बसली. संध्याकाळी त्याचं कालवण झालं आणि सगळ्यांनी खाल्लं, असं मला नंतर कळलं. होडीवर कसलंही संकट आलं नाही. पौर्णिमेला दुसरा नारळ दर्याला दिला आणि दर्याने तोही घेतला.

मी घरी जाऊन वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, यंत्रानेच मला फसवलं.

पुढच्या रविवारी ताईची ट्रंक पोहोचवायला दादा आणि मी पाचूबंदरला गेलो. दादा वाटेत एकदाही गप्प बसला नाही. घर्षण धरून आलेलं उत्तर बरोबर निघालं होतं, आणि आता करवंटी हातात मिळाली की जाडी मोजून तो हिशेब पक्का करणार होता. त्यासाठी त्याने मुंबईहून एक चिमट्यासारखं मोजायचं यंत्र आणलं होतं. सोपारा येईपर्यंत त्याने मला ते कसं धरायचं तेही शिकवलं.

ताईची मुलगी ओटीच्या पायरीवर त्या करवंटीत वाळू भरून खेळत होती. ताई तिच्यापासून हातभर अंतरावर बसली होती. जवळ सरकत नव्हती, दूरही जात नव्हती. दादाने मुलीच्या हातून करवंटी घेतली, वाळू झटकली आणि चिमटा लावला. मुलगी भोकाड पसरून उठली. ताईने दोन्ही हात पुढे केले. मुलगी त्या हातांना वळसा घालून आत पळाली आणि सासूबाईंच्या पदराखाली शिरली. थोड्या वेळाने रडणं थांबलं आणि आतून तिचा आवाज आला.

"आजी, ही पाहुनी घरी कवा जानार?"

ताईने हात मागे घेऊन मांडीवर ठेवले. दादाने चिमटा उजेडाकडे धरला, आकडा वाचला, आणि जाडी अगदी हवी तेवढीच निघाली असं आम्हा दोघींना सांगितलं.